नव्या डब्यातला पट्टा

“बेअरिंग मरायला टेकलं, की आधी मला कळतं, मग बेअरिंगला!”

असं म्हणून डॉक्टरांनी स्क्रू-ड्रायव्हरचं टोक कपडे वाळवायच्या यंत्राला टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. माणसांच्या दुखण्याशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता. घरच्या लाँड्रीतली यंत्रं तीस वर्षं तेच दुरुस्त करत आले, म्हणून सगळी गल्ली त्यांना डॉक्टर म्हणे.

यंत्र फिरत होतं. कुई... कुई... कुई! भुकेल्या पिलानं आईला हाका माराव्यात तसं.

“बाबा, नुसता आवाजच आहे ना?” सूनबाई म्हणाली. “चादरी वाळतायत छान. इस्पितळाची गाडी चारला येणार. साठ चादरी ओल्या आहेत अजून!”

“आज कुई, उद्या कुर्र, परवा पुली छतात!” डॉक्टरांनी खटकन बटण बंद केलं. “चारच्या आत चादरी वाळल्या नाहीत, तर कपाटाची किल्ली तुझी!”

घडीच्या टेबलामागे चादरी दुमडणाऱ्या डॉक्टरीणबाईंचा हात थबकला. यंत्राला खेटून उभं असलेलं ते लोखंडी कपाट म्हणजे डॉक्टरांचा जीव. तीस वर्षांत त्यातून काही फेकलं गेलं नव्हतं आणि किल्ली बायकोच्याही हाती लागली नव्हती.

“अहो, तेवढी पणाला लावू नका,” त्या म्हणाल्या. “रात्री उशाशी काय घ्याल?”

डॉक्टरांनी यंत्राची पाठ उघडली. पट्ट्यावरून अंगठा फिरवला. “बघ सूनबाई, कडा काचेसारख्या गुळगुळीत झाल्या. खाली काळी भुकटी पडलीय. म्हातारपण असंच येतं, चकाकत!”

“चिमूटभर तर आहे भुकटी.”

“सुरुवात चिमटीनंच होते!”

चष्मा कपाळावर तसाच ठेवून त्यांनी कपाट सताड उघडलं, कोऱ्या डब्यातून नवा पट्टा काढून चढवला आणि बटण दाबलं. यंत्र असं किंचाळलं, की शेजारच्या चहावाल्यानं आत डोकावून विचारलं, “कोणाचा हात अडकला?”

“पुली!” डॉक्टर गरजले. “खाच घासली असणार, पट्टा खोल बसतोय!”

कोऱ्या डब्यातून पुली आली. आता यंत्र किंचाळता किंचाळता थरथरूही लागलं.

“मग बेअरिंग! मी म्हणालोच होतो!”

कोऱ्या डब्यातून बेअरिंग आलं. तीन वाजले. बटण दाबताच यंत्र कुरकुरलं, किंचाळलं, त्यानं जागेवरच चार उड्या मारल्या आणि फटाक! पट्टा तुटून थेट घडीच्या टेबलावर, बाईंच्या पुढ्यात येऊन पडला.

बाईंनी तो दोन बोटांनी उचलला. पट्ट्याच्या पाठीवर पांढऱ्या रंगानं काहीतरी लिहिलं होतं. त्यांनी मोठ्यानं वाचलं, “झिजला आहे. फेकू नये.”

“बाबा,” सूनबाईनं हळूच विचारलं, “अक्षर कोणाचं?”

डॉक्टरांनी चष्मा नाकावर आणला. पट्टा उलटसुलट करून पाहिला. “वळण... ओळखीचं वाटतंय.”

“वाटणारच!” बाई म्हणाल्या. “नवा माल यंत्रात जातो आणि त्याच्या डब्यात तुम्ही जुना निजवता. असू दे, कधीतरी लागेल म्हणून! लागलं बघा आज, तिन्हीच्या तिन्ही डब्यांतलं!”

पुढचा अर्धा तास डॉक्टर फक्त पाने-पकडी हातात देत होते. सूनबाईनं यंत्रातला मूळचा माल होता तसा बसवला. बटण दाबलं. यंत्र फिरलं आणि काय आश्चर्य, कुई नाही की कुर्र नाही! चादरी वाळल्या, पण शेवटची घडी पडली तेव्हा सव्वाचार झाले होते आणि गाडीवाला बाहेर हॉर्नवर हात ठेवून बसला होता.

डॉक्टरांनी किल्ली सुनेच्या हातावर ठेवली. मग मान ताठ करून म्हणाले, “पण आवाज गेला की नाही? उघडून बसवलं, त्याचाच गुण!”

आणि त्यांनी ऐटीत कपाटाचं दार लोटलं.

कुई... कुई... कुई!

सूनबाईनं दारावर तळहात टेकवला. आवाज बंद. हात काढला. कुई! मागे बंद करायचं राहिलेलं यंत्र आपलं शांतपणे फिरत होतं, आणि त्याच्या थरथरीनं कपाटाचं दार तीस वर्षांच्या भंगाराच्या ओझ्यानं ढिल्या झालेल्या बिजागरीवर हलत होतं.

“बाबा, झीज सापडली,” ती म्हणाली.

डॉक्टरांचा चेहरा एकदम उजळला. “बिजागरी ना? अगं, नवी आहे माझ्याकडे! उघड, उघड कपाट. वरच्या कप्प्यात, कोऱ्या डब्यात!”