नाक कोरडं, पंजे ओले

आमच्या घरात दोन ससे आहेत. दोन्ही पांढरेशुभ्र, दोन्ही लेकीचे लाडके. त्यातला एक कुठला तरी शिंकतोय, असं रविवारी सकाळी बायकोने जाहीर केलं आणि डॉक्टरांकडे जाण्याआधी आपणच निदान करावं, अशी मला दुर्बुद्धी सुचली. (बावीस वर्षं ऑफिसात अर्ज तपासतोय. दोन ससे म्हणजे काय!)

"बाबा, एकाचं दुसऱ्याला झालं तर? दोघंही मेले तर?" लेकीचे डोळे भरले.

मी दोघांची नाकं निरखली. एकाचं ओलं, दुसऱ्याचं कोरडं ठणठणीत. झालं! कोरड्याच्या कानावर शाईच्या पॅडने निळा ठिपका दिला : तपासले, ठीक आढळले. (पॅड ऑफिसचं. घरी कसं आलं ते विचारू नका.) ओल्या नाकाची रवानगी मागच्या खोलीत, ठिपकेवाला लेकीच्या मांडीवर.

दुपारपर्यंत ठिपकेवाला एकोणीस वेळा शिंकला.

"धूळ असेल," मी म्हणालो.

मागच्या खोलीतला 'रोगी' मात्र सगळी गाजरं संपवून माझ्या चपलेच्या पट्ट्याला लागला होता.

शेवटी बायकोने दोघांना दोन टोपल्यांत घालून दवाखाना गाठला; मागोमाग लेक आणि मी. प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी आधी पुढचे पाय उलटे करून पाहिले. ठिपकेवाल्याच्या पंजांच्या आतली लव ओली, चिकट, गुठळ्या झालेली.

"ससा वाहतं नाक पंजांनी पुसतो. म्हणून नाक स्वच्छ दिसतं. आजारी हा आहे."

"आणि त्या दुसऱ्याचं ओलं नाक?" मी विचारलं.

"पाणी प्यायला असेल. हा ठिपका कोणी लावला?"

मायलेकींनी एकदमच माझ्याकडे बोट दाखवलं.

"वाचेल ना?" लेकीने विचारलं.

"वाचेल. पण औषध मधेच बंद करायचं नाही. भांडी वेगळी, हात धुवायचे आणि दुसऱ्यावरही लक्ष ठेवायचं."

मला इतकं हायसं वाटलं की शिंकच आली. (साधी. फार तर तीन.)

"सर्दी नाही गं, नाक बघ, कोरडं आहे!"

बायकोने नाकाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. माझ्या शर्टाची बाही उलटी करून पाहिली.

मागच्या खोलीत ठिपकेवाल्याबरोबर मीही गेलो. औषध पाजायचं काम माझं, तपासून सही बायकोची. ससा दोन आठवड्यांत खडखडीत बरा होऊन बाहेर पडला. काल लेकीने मायेने माझ्याही कानावर निळा ठिपका लावला.

"त्या ठिपक्याचा अनुभव आहे मला," बायको म्हणाली आणि माझं ताट पुन्हा दाराबाहेरच ठेवलं.