वाणात गेलेलं मिठागर

शनिवारी संध्याकाळी सहा वाजता, ठाण्याच्या हॉलमध्ये, कल्पिताने खोक्याची चिकटपट्टी फाडली आणि आतून तीस गाळण्या निघाल्या. चहाच्या. प्लास्टिकच्या, हिरव्या दांड्याच्या.

निघायला हव्या होत्या मिठाच्या तीस बरण्या. सासूबाईंच्या माहेरच्या, बंद पडलेल्या मिठागरातली माती कालवून तिने त्या सहा महिने खपून घडवल्या होत्या. प्रत्येकीचं झाकण मिठाच्या राशीसारखं, पांढरं आणि टोकदार. नवोदित कारागिरांच्या एका दिवसाच्या प्रदर्शनात तिला पहिल्यांदाच टेबल मिळालं होतं. रविवारी अकराला उद्घाटन. तेव्हा टेबल रिकामं दिसलं तर ते प्रतीक्षायादीतल्या मेणबत्तीवाल्याला जाईल, असं आयोजक अमृताने लेखी कळवलं होतं.

"साईनाथ, कुठलं खोकं उचललंस?"

"दिवाणाखालचं," नवरा म्हणाला.

"दिवाणाखाली दोन होती!"

दोन्ही केळ्याच्या वेफर्सची. एकात तिच्या बरण्या, दुसऱ्यात सासूबाईंच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाचं वाण. आणि हळदीकुंकू डोंबिवलीत आत्ता या क्षणी चालू होतं.

तेवढ्यात अमृता आली. तिने एक गाळणी उचलून दिव्यासमोर धरली. "छानच आहे. रोजच्या वस्तूकडे नव्याने बघायला लावतंय." यावर काही चर्चा होण्याआधी साईनाथने खोकं मिटलं.

कल्पिताने फोन लावला. "आई, वाण दिलंत का?"

"कवाच दिलं!" सासूबाई कमळाबाईंच्या आवाजामागे बायकांचा कल्ला होता. "जाम खूश हायत सगळ्या. सून कुठाय विचारत होत्या. सांगितलं, डोकं दुखतंय तिचं."

ते आता खरं झालं होतं.

घरी पोहोचताच साईनाथने सोपा उपाय काढला. "प्रत्येकीला गाळणी देऊ, बरणी परत घेऊ. एक्स्चेंज!"

कमळाबाईंनी कपाळाला हात लावला. "अरे, वाण हाय ते! दुकानातला शर्ट नाय बदलून आणायला. दिलेलं वाण मागं मागतात का कुठं? गावात तोंड दाखवायची सोय नाय राहणार."

तरीही साईनाथ मागच्या दाराने सटकला आणि शेजारच्या रखमाबाईंकडे गेला. मागायचं नाही हे मान्य होतं, म्हणून त्याने तपासायचं ठरवलं. "काकी, ती बरणी जरा बघू का? त्या लॉटमध्ये डिफेक्ट आहे म्हणतात."

"कसला डिफेक्ट?" रखमाबाईंनी बरणी पदराखाली घेतली. तिच्यात मीठ भरूनही झालं होतं. "माझीला काय नाय झालं. अजून कोणाकोणाकडं जाणार हायस?"

"सगळ्यांकडेच..."

ही चूक झाली. तो घरी परतेपर्यंत आळीभर बातमी गेली होती की बरण्या काहीतरी भारी आहेत आणि कमळाबाईचा पोरगा त्या गोळा करत फिरतोय. दोघींनी बरण्या कपाटात कुलूपबंद केल्या. एकीने ती देवघरात ठेवली, म्हणजे तर प्रश्नच मिटला.

कल्पिता दिवाणावर बसून राहिली. रडत नव्हती, पण गाळण्या मोजत होती. कमळाबाईंनी तिच्याकडे दोनदा पाहिलं. एरवी चारचौघांत त्या सुनेच्या कामाला "तिचा चिखल" म्हणत.

"हे बघ गो," त्या एकदम म्हणाल्या, "वाण मागं मागत नाय. पण बायकांना बोलवायला कोणाची बंदी हाय का?"

"कुठे?"

"ठाण्याला. तुझ्या त्या हॉलात. उद्या तिथंच हळदीकुंकू. येताना वाण घेऊन या म्हणून सांगते."

"असं कुठे असतं?"

"उद्यापासून असतं."

सासरे काळुराम बायकांच्या कारभारात आजवर कधी पडले नव्हते. टीव्हीवरची नजर न काढता ते म्हणाले, "मिनीबस मी सांगतो."

रविवारी पावणेअकराला हॉलसमोर मिनीबस थांबली आणि एकोणतीस बायका नऊवारी-सहावारीत, गजरे माळून, हातात एकेक बरणी घेऊन उतरल्या. रिकामं भांडं घराबाहेर काढायचं नाही, म्हणून कोणी तिळगूळ भरला होता, कोणी खडेमीठ, एकीने सुकट. टेबलावर बरण्या मांडल्या, पण एकीनेही आपल्या बरणीवरचा हात काढला नाही.

मेणबत्तीवाला बराच वेळ दारात उभा राहून निघून गेला.

"ही विकत मिळेल?" चष्मा डोक्यावर चढवलेल्या एका बाईंनी विचारलं.

"ही नाय. ही माझी हाय," रखमाबाई म्हणाल्या. "तुम्ही ऑर्डर द्या, ती बनवून देईल. पावसाळ्यात पण मिठाला पाणी सुटणार नाय बघा!" बरणी त्यांच्या घरात येऊन अठरा तास झाले होते.

संध्याकाळपर्यंत कल्पिताच्या वहीची चार पानं ऑर्डरींनी भरली. अमृताने हळदीकुंकवाची बोटं कपाळावर मिरवत पुढच्या वर्षीचं टेबल तिथेच नक्की केलं. बायका आपापलं वाण घेऊन बसमध्ये बसल्या, आणि माजिवड्याच्या सिग्नलला कल्पिताने वही उघडून पानं पुन्हा मोजली.

घरी आल्यावर साईनाथने कान धरले. "सॉरी. मी चुकीचं खोकं उचललं."

"ते तू उचललंसच," कमळाबाई म्हणाल्या. मग सुनेकडे न बघता, "मी दुसरं उघडलं ना, तवा तुम्ही माणकोलीच्या पुलावर पण नसाल पोचला. फोन हातात घेतला होता."

"मग?"

"मग झाकण दिसलं. माझे बाबा मिठागरात अशीच रास लावायचे. घरात हे असताना बायकांच्या हातात गाळण्या देऊ?"

चहा टाकावा म्हणून कल्पिता स्वयंपाकघरात गेली. दिवसभर तिला एक हिशेब लागत नव्हता: बरण्या तीस होत्या, टेबलावर एकोणतीस. तिसावी ओट्यावर होती. मिठाचा जुना स्टीलचा डबा खिडकीत उपडा पडला होता.

"आई, ही तरी पुढच्या वर्षीच्या प्रदर्शनाला परत—"

"वाण हाय ते," बाहेरून आवाज आला. "मागं मागत नाय."