फुफाटावाले भालेराव सर

‘फुफाटा’ला कुणी नावं ठेवली की भालेराव सरांना राग येतो. कुणी कौतुक केलं तर त्याहून जास्त येतो.

‘फुफाटा’ म्हणजे औरंगाबादच्या चार कॉलेजकुमारांनी काढलेला मराठी रॉक बँड. ते कुमार आता पन्नाशी ओलांडून गेलेत. भालेराव सर आमच्या शहागडच्या शाळेत भूमिती शिकवतात, मी मराठी. पण सरांचा खरा विषय ‘फुफाटा’च. त्यांच्या मते या बँडचा शोध त्यांनी लावलेला आहे. कॉलेजच्या मैदानावर पहिला कार्यक्रम झाला तेव्हा ऐकायला सर होते, मांडववाला होता आणि एक कुत्रं होतं.

“कुत्रं बी मधीच उठून गेल्तं,” सर अभिमानानं सांगतात.

त्यामुळे पुढं कुणीही ‘फुफाटा’चं नाव काढलं की सर चष्मा कपाळावर सरकवून विचारतात, “बराबर. पण तेव्हा कुठं होता तुम्ही?”

विज्ञानाच्या वाघ मॅडम तेव्हा जन्मल्याही नव्हत्या. पण हे कारण सरांना चालत नाही.

यंदा बऱ्याच वर्षांनी बँडचा नवा अल्बम आला. मधल्या सुट्टीत मॅडमनी तो मोबाइलवर लावला. “सर, ऐकलं का? काय भारी झालंय!”

मॅडमनी डब्यात हात घातल्यासारखा सरांचा चेहरा झाला. त्यांनी खरोखरच डब्याचं झाकण लावलं.

“न ऐकताच सांगतो. गिटार लई साफसूफ आली असंल. फुफाट्यात धूळ पाहिजे.”

“आधी ऐका तरी!”

“मला गरज न्हाई,” म्हणून सर रिकाम्या वर्गात जाऊन बसले.

पण गावच त्यांच्या वाईटावर उठलं होतं. पुलाजवळच्या ढाब्यावर एका ट्रकवाल्यानं तीच गाणी लावली, तर सर अर्धा चहा टाकून उठले. घरी गेले तर बायको भाकरी थापताना त्यातलंच गाणं गुणगुणत होती. “तुला कुणी ऐकवलं?” “तुमच्या लेकीनं.” दुसऱ्या दिवशी मला हे सांगताना सरांचा आवाज घरात चोरी झाल्यासारखा होता. “माझ्या घरात! माझ्या पाठीमागं!”

सगळ्यात जास्त डोळ्यात सलायचा तो बँडमधला नवा गिटारवाला.

“वाईट वाजवतो का?” मी विचारलं.

“चांगलं वाजवत असंल. तेच तर वाईट आहे.”

अशात एका शनिवारी शाळा सुटता सुटता वाघ मॅडम धावत आल्या. बीडला कार्यक्रमाला निघालेली ‘फुफाटा’ची गाडी हायवेवरच्या हॉटेलात चहाला थांबली होती. मला वाटलं, सर काही येणार नाहीत. पाहतो तर सर शर्ट खोचत आमच्या पुढं चालले होते.

पिकल्या दाढीचा मुख्य गायक बिनसाखरेचा चहा पीत होता. मॅडम म्हणाल्या, “हे आमचे भालेराव सर. तुमचे सगळ्यात जुने चाहते.”

त्यानं सरांकडं निरखून पाहिलं आणि ग्लास खाली ठेवला. “अरे, तू मिलिंदचा रूममेट ना?”

सरांनी नुसती मान हलवली. मिलिंद म्हणजे बँडचा पहिला गिटारवाला. सुट्टीत गावाकडं येताना याच रस्त्यावर अपघातात गेला. ‘फुफाटा’वर तासनतास बोलणाऱ्या सरांच्या तोंडून ते नाव आम्ही कधीच ऐकलं नव्हतं.

गायकानं एका तिशीतल्या पोराला पुढं केलं. “हा समीर. मिलिंदच्या जागी आता हाच.”

समीर पाया पडायला वाकला, तसे सर एक पाऊल मागं सरकले. तो बिचारा तसाच म्हणाला, “सर, मिलिंददादांचं सगळं मी रेकॉर्डिंग ऐकून शिकलो. पण पहिल्या गाण्यात ते मध्येच जरासं थांबतात. ते काही जमत नाही.”

सरांनी त्याच्या बोटांकडं पाहिलं.

“मुद्दाम न्हाई थांबायचा तो,” ते म्हणाले. “त्याला हसू यायचं. मी समोर बसून तोंड वाकडं करायचो.” मग म्हणाले, “तुम्ही नका थांबू. तुमचं तुम्ही वाजवा.”

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळीच सर मोटारसायकल घेऊन माझ्या दारात. “चला, एका ठिकाणी जायचंय.”

अंबडकडच्या एका खेड्यात, पत्र्याच्या घरासमोर आम्ही थांबलो. आत बाबासाहेबांच्या तसबिरीखाली बाजेवर एक म्हातारी बसली होती. मिलिंदची आई. तिला आता फारसं दिसत नाही. सरांनी न विचारता माठात पाणी भरलं, तिच्या डोळ्यांत औषध घातलं, आणि मोबाइल तिच्या मांडीवर ठेवला.

“माय, नवीन गाणी आलीत. मी बी अजून ऐकली न्हाईत. म्हणलं, तुझ्यासंगच ऐकू.”

गाणं संपेस्तोवर ती हलली नाही.

“कोण वाजवून राह्यलं रे हे?”

“आपल्या मिलिंदच्या जागेवरचं पोरगं हाय.”

“पोटभर जेवतं का ते?”

“मला काय माहीत?”

“घेऊन ये त्याला एकदा. भाकर करून घालते.”

सरांचं तोंड एवढंसं झालं. “माय, मी येतो ना दर रविवारी.”

म्हातारीनं चाचपडत त्यांचा हात धरला. “तू हाईसच की रे, लेका. तुला कोण काढून राह्यलंय?”

सर खाली मान घालून बसले. मला वाटलं, आता ते डोळे पुसणार. पण ते म्हणाले, “बरं, आणतो त्याला. पण पहिली भाकर मी खाणार.”