सुधारित मलपरीक्षा

सन एकोणीसशे त्रेपन्नच्या मार्चअखेर अंबरनाथ पूर्वेच्या सरकारी दवाखान्याच्या हद्दीत शेकडा एकोणीसच माणसांच्या पोटात जंत उरले होते. आदल्या वर्षी एकवीस होते, त्याच्या आदल्या वर्षी तेवीस. वैद्यकीय अधिकारी दौलतराव यांनी याचा तक्ता करून खुर्चीमागे टांगला होता. त्यातली तांबडी रेघ इतक्या शिस्तीत खाली उतरत होती की आणखी दहा वर्षांनी ती आपोआप जमिनीला टेकेल, याबद्दल खात्याला तिळमात्र शंका नव्हती.

रोग का हटत होता हे दवाखान्यात फक्त प्रयोगशाळा साहाय्यक चिंतामणीला ठाऊक होतं. सूक्ष्मदर्शकाच्या भिंगावर दर पावसाळ्यात बुरशी चढे आणि दर पावसाळ्यानंतर रोग दोन टक्के मागे जाई. शिवाय तपासणीची मंजूर पद्धत अशी होती: आगकाडीच्या टोकावर राहील एवढाच मळ काचेवर घ्यायचा, पाण्याच्या थेंबात कालवायचा आणि बघायचं. जंतांची अंडी नेमकी त्या टोकावर आली तर माणूस आजारी, नाही आली तर ठणठणीत. शेतातली चिमूटभर माती चाळून बघायची आणि शेतात साप नाही असा दाखला द्यायचा, त्यातलाच प्रकार. पण पद्धत मंजूर होती, आणि चिंतामणीला नोकरी करायची होती.

असंच सुखात चाललं असतं, पण एके दिवशी बारवीकडच्या एका पाड्यावरून सुकऱ्या आपल्या बायकोला घेऊन आला. भिकी तिचं नाव. वय असेल पंचविशीच्या आतबाहेर. दवाखान्याच्या तीन पायऱ्या चढताना ती दोनदा थांबली. चिंतामणीने तिची खालची पापणी ओढून पाहिली, तर आत रक्ताचा मागमूस नाही, पांढरीफटक.

"लावणीला आठ बायांच्या पुढं असायची ही," सुकऱ्या म्हणाला. "आता चुलीम्होरून उठताना भित धरावी लागतंय हिला. कायतरी द्या, सायेब."

द्यायला औषध होतं. जंतांच्या कॅप्सुला कपाटात होत्या. पण नोंदवहीत ज्याच्या नावापुढे 'आढळले' असा शेरा असेल त्यालाच त्या द्यायच्या, असा नियम होता. भिकीचा मळ तीनदा तपासला आणि तीनदा 'आढळले नाहीत' आलं. तिसऱ्या वेळी सुकऱ्या पळसाच्या पानात नमुना बांधून एकटाच सारी वाट तुडवत आला होता.

"नाहीत म्हणजे नाहीत," दौलतराव म्हणाले. "जंत नसलेल्या बाईला जंतांचं औषध द्यायचं? उद्या ताप नसलेल्याला क्विनीन द्याल!"

या बाईच्या पोटात औषध गेलं नाही तर येत्या लावणीला ती उरत नाही, हे चिंतामणीला दिसत होतं. त्याला काही भिंग लागत नव्हतं.

त्याने एक जुनं वैद्यकाचं पुस्तक काढलं. त्यात लिहिलं होतं की मळ घट्ट मिठाच्या पाण्यात कालवून शिशी काठोकाठ भरावी आणि वर काच ठेवावी. अंडी हलकी असतात, ती तरंगत वर येतात आणि काचेला चिकटतात. प्रश्न एवढाच होता की प्रयोगशाळेच्या मंजूर सामानाच्या यादीत मीठ नव्हतं. तेव्हा चिंतामणी पदरमोड करून उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये टेकचंद किराणावाल्याकडून पाच शेर मीठ घेऊन आला.

"कंपाउंडर साब, इतना नमक?" टेकचंदने विचारलं. "अचार डालना है क्या?"

"हो, अचारच घालायचाय," चिंतामणी म्हणाला. खरं सांगितलं असतं तर टेकचंदने पुढच्या खेपेला दुकानात पाऊल ठेवू दिलं नसतं.

सुकऱ्याने चौथा नमुना आणला. त्यावरची काच चिंतामणीने भिंगाखाली धरली, आणि बुरशीतून सुद्धा दिसला तो अंड्यांचा भरलेला बाजार. अंकुशकृमी, म्हणजे आतड्याला चिकटून रक्त पिणारा जंत. मग त्याने पूर्वी निरोगी ठरवलेल्या चाळीस जणांचे नमुने पुन्हा मागवले. त्यांतल्या एकोणतीस जणांत जंत निघाले. तो धावतच दौलतरावांकडे गेला.

"म्हणजे रोग एकोणीसवरून एकदम बहात्तरवर!" दौलतराव खुर्चीवरून उठले. "आठवड्यात एवढी साथ? आणि ती आणली कोणी? तुम्ही!"

"रोग होताच, साहेब. आपल्याला दिसत नव्हता."

"दिसत नव्हता तोवर खातं खूश होतं. आणि प्रयोगशाळेत मीठ कशाला? जेवता तिथे?"

"त्या भिकीच्या नावापुढे आढळले असं लिहू ना?"

"नामंजूर परीक्षेने सापडलेले जंत नामंजूर असतात," असं म्हणून दौलतरावांनी वर पत्र लिहिलं. वरून तातडीने, म्हणजे अडीच महिन्यांनी, उत्तर आलं: नव्या परीक्षेची सत्यता ठरवण्यासाठी स्थानिक प्रतिष्ठितांची समिती नेमावी.

अध्यक्ष झाले श्रीपादराव. एका कारखान्यात ते मोठे अधिकारी होते आणि त्यांच्या बंगल्यापुढच्या हिरवळीला प्रदर्शनात पहिलं बक्षीस मिळालं होतं, त्यामुळे आरोग्यातलं त्यांना कळतं असं सर्वमान्य होतं. पहिल्याच बैठकीत चिंतामणीने चाचरत मुद्दा मांडला. परीक्षा खरी की खोटी हे कळायला, पोटात जंत नाहीत हे आधीपासून नक्की असलेली काही माणसं लागतील, त्यांच्यावर ती करून बघता येईल.

"त्यात शोधायचं काय?" श्रीपादराव म्हणाले. "आम्ही सातजण आहोतच की."

हे नक्की कशावरून, असं कोणी विचारलं नाही. असले प्रश्न प्रतिष्ठितांना विचारत नाहीत. समितीच्या सदस्यांना 'अधिकृत निरोगी' असं पद देण्यात आलं, इतिवृत्तात तशी नोंद झाली आणि दुसऱ्या दिवशी सातही नमुने शिपायांच्या हाती येऊन दाखल झाले. एक उटण्याच्या डबीत होता, एक चांदीच्या करंड्यात. श्रीपादरावांचा विलायती सिगारेटच्या डब्यातून आला, वर लाखेची मोहोर आणि सोबत व्हिजिटिंग कार्ड.

सातांपैकी पाचजणांत जंत निघाले. सर्वांत जास्त श्रीपादरावांच्या डब्यात.

चिंतामणीला कारण शोधायला फार लांब जावं लागलं नाही. हा जंत मळ पडलेल्या मातीतून अनवाणी तळपायावाटे अंगात शिरतो. श्रीपादराव आणि त्यांचे स्नेही रोज सकाळी, डोळ्यांना थंडावा मिळतो म्हणून, त्या बक्षीसपात्र हिरवळीच्या दवावर अनवाणी फिरत. आणि हिरवळ तशी तरारून येण्याचं गुपित म्हणजे माळी तिला घालत असलेलं सोनखत. ते कामगारांच्या चाळीतल्या संडासांतून येई.

समितीची दुसरी बैठक वादळी झाली.

"या परीक्षेला अधिकृत निरोगी माणसांत जंत सापडतात," श्रीपादराव गरजले. "याचा अर्थ काय?"

"की परीक्षा सदोष आहे," दौलतराव लगबगीने म्हणाले.

"पण साहेब, त्या हिरवळीवर अनवाणी—"

"मी? अनवाणी? माझे बूट कारखान्यात प्रसिद्ध आहेत!"

तरीही समिती विज्ञानाला पारखी नव्हती. मिठाचं पाणी फेकून न देता तिने परीक्षेत सुधारणा केली. जंत तळपायावाटे शिरतो, हे चिंतामणीनेच सांगितलं होतं. त्या अर्थी ज्याच्या पायात पायताण, त्याच्या पोटात जंत असूच शकत नाही. यापुढे नमुना घेण्याआधी पायांकडे बघावं. पायताण असल्यास 'आढळले नाहीत' लिहून माणूस मोकळा करावा, नसल्यास मिठाच्या पाण्याकडे जावं. या सुधारित मलपरीक्षेत बहुसंख्य प्रतिष्ठितांच्या बाबतीत मळाची गरजच राहिली नाही, हा मोठाच पल्ला होता.

चिंतामणी मनातून हसला. असू दे, त्याला वाटलं, भिकी तर अनवाणी असते. तिचा नमुना आता मंजुरीने तपासला जाईल. त्याने बदलापूरच्या बाजाराला येणाऱ्या माणसाबरोबर पाड्यावर निरोप धाडला.

त्याच संध्याकाळी दवाखान्यात चिठ्ठ्या यायला लागल्या. परीक्षा सदोषच होती, त्यात वाद नव्हता. तरी आपली सावधगिरी म्हणून घरातल्या सगळ्यांपुरत्या कॅप्सुला पाठवाव्यात, नोंद करू नये. सात बंगल्यांची सावधगिरी झाली आणि कपाटात एका माणसापुरत्या दोनच कॅप्सुला उरल्या. नवा साठा मागावा, तर सुधारित परीक्षेने रोग कमालीचा घटणार, तेव्हा साठ्याचं कारणच उरलं नाही, असं दौलतरावांनी ठरवून टाकलं होतं.

त्या दोन कॅप्सुला चिंतामणीने खिशात टाकल्या. कारण त्याने आपल्या घरातलेही नमुने तपासले होते, आणि त्याच्या बायकोच्या, उमाच्या काचेवर तीनचार अंडी दिसली होती. तिला त्रास काहीच नव्हता. पण दिसली होती.

चौथ्या दिवशी सुकऱ्या आणि भिकी आले. बाजारवाल्याच्या बैलगाडीतून आली होती ती. पायांवर सूज चढली होती, आणि त्या सुजलेल्या पायांत दोन बोटं मोठ्या, नव्याकोऱ्या चपला होत्या. मेजावर नवा छापील फॉर्म घेऊन दौलतराव स्वतः बसले होते. त्यांनी खाली वाकून पाहिलं आणि लिहिलं, 'पायताण: आहे. जंत: आढळले नाहीत.'

"साहेब, ती कधी चपला घालत नाही!" चिंतामणी ओरडलाच. "काढ गं बाई, काढ त्या चपला!"

"त्या पदूच्या हायेत, सायेब," सुकऱ्या गोंधळून म्हणाला. "आमच्या पाड्याला येकच जोड. सरकारात बलावलंय म्हनल्यावर उघड्या पायानं कसं आणायचं? तुमचा मान नको का ठेवाया?"

"नोंद शाईने झाली आहे," दौलतराव म्हणाले. "सरकारी फॉर्मवर खाडाखोड चालत नाही. पुढचा!"

भिकीने चपला काढल्या होत्या. त्या पुन्हा घालाव्या की हातात घ्याव्या हे तिला कळेना. ती चिंतामणीकडे बघत राहिली. चिंतामणीचा हात खिशात गेला. दोन्ही कॅप्सुला बोटांना लागल्या. नियम मोडायचाच तर त्याने तो आधीच मोडला होता. आता फक्त हात बाहेर काढायचा होता. त्याला लाज वाटली, अगदी मनापासून वाटली, आणि हात खिशातच राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने उमाला उपाशीपोटी कॅप्सुला दिल्या. तिने त्या घेतल्या आणि पाणी पिता पिता विचारलं, "अहो, त्या बारवीकडच्या बाईला मिळालं का हो औषध?"

"तिला आढळले नाहीत," चिंतामणी म्हणाला.

आषाढात, लावणी अर्ध्यावर असताना, भिकी चिखलात खाली बसली ती उठली नाही. मृत्यूचं कारण 'अशक्तपणा' असं लागलं. सुकऱ्याने पदूच्या चपला धुऊन परत केल्या. समितीचं खात्याने अभिनंदन केलं.

आता वाचकहो, चिंतामणीचा तुम्हाला राग आला असेल. साहजिक आहे, त्याच्या जागी तुम्ही असतात तर हात नक्की बाहेर काढला असतात. तुम्हाला लिहितावाचता येतं, घरी पुस्तकं आहेत, आणि ज्याच्या घरी पुस्तकं त्याच्या पायात वहाणा असणारच. म्हणजे सुधारित परीक्षेप्रमाणे तुमच्यातही काही आढळत नाही. तुम्हाला तपासून बघायची तसदी कोण घेणार?