मधे बसवणारे तात्या

पंगत बसली, भातावर वरण पडलं, की तात्यांच्या अंगात यायचं. "सरका. पान उचलू नका, ओढा." अख्खी रांग मांडी न मोडता एकेक जागा घसरायची. का, तर कुणीतरी उशिरा आलाय. "शेपटाला कुणीही बसतं रे. मधे बसवायला डोकं लागतं."

ठाकूरद्वारच्या आमच्या वाडीत ही नक्कल मी एकदा करत होतो, तर मागून खुद्द तात्या म्हणाले, "नाकातून जरा कमी बोल. मला सर्दी नसते."

एकदाच गफलत झाली. साठ्यांच्या मुंजीत दोन विहिणी होत्या, एकमेकींचं तोंड न बघणाऱ्या. तात्यांनी जागा मोजून ठेवली, दोघींच्या मधे भटजी घालायचे. पण त्याआधी वरच्या बाजूला एक मामा घुसवला. रांग सरकली, विहिणी सरकल्या, तात्यांची मोजणी तिथेच. भटजी जाऊन बसले अलीकडे, आणि विहिणी खांद्याला खांदा लावून. मठ्ठा यायच्या आत दोन्ही घराण्यांचा उद्धार झाला.

तेव्हापासून तात्या शेपटाकडून बसवायचे. "मागनं घालत आलं की पुढचं हलत नाही. लक्षात ठेव, लग्नात उपयोगी पडेल."

घरच्या लग्नाचा विषय निघाला की मात्र पानं मोजायला उठायचे. त्यांच्या मुलीने, कुसुमने, परळच्या गिरणीतल्या एका मुलाशी लग्न केलं होतं, नुकत्याच बौद्ध झालेल्या घरातल्या. वाडीने तिचं नाव टाकलं. तात्या दर रविवारी पडवळ आणायला परळला जाऊ लागले. गिरगावात पडवळ नव्हतं काय? रिकामी पिशवी घेऊन परत यायचे. म्हणायचे, "गॅलरीत हिरवं लुगडं वाळत होतं रे. बरी असेल."

मुंबईसह महाराष्ट्र झाला, वाडीने जेवण घातलं. तात्यांनी माझ्याकडून निरोप धाडला, दोघांनी या. मग दिवसभर माझ्यामागे. "बसवीन रे मी. पण पोरीच्या तोंडावर पंगत उठली तर?"

दोघं आली तेव्हा रांग भरलेली. तात्या दोन पानं घेऊन मधोमध उभे राहिले.

"नाना, सरका."

"त्यांना मागाहून वाढू की, तात्या."

"सरका म्हटलं ना."

नाना उठले. हात धुवायला गेले ते आलेच नाहीत. रांगेत कुणी हलेना. मग पलीकडचे दामूअण्णा पुटपुटले, "आमटी सांडेल हो, सावकाश," आणि त्यांनी पान ओढलं. त्यांच्यामागून बाकीचे घसरले.

कुसुम बसली, शेजारी जावई. तात्यांनी स्वतः वरण वाढलं. जावयाच्या तोंडाकडे बघेनात, पानाकडेच बघत होते.

"मीठ बरोबर आहे का?"

लग्नाला दोन वर्षं झाली होती. सासऱ्याचं हे पहिलं वाक्य.

"बरोबर आहे," तो म्हणाला.

मागची रांग वरण, वरण करत होती. तात्या तिथून हलले नाहीत.