आबाजीपंतांच्या ओसरीवरची चित्रं

आबाजीपंतांच्या घरी कोणी गेलं, तर ते “या, बसा” असं म्हणत नसत. “मागं सरा!” असं म्हणत. ओसरीची पायरी चढून तुम्ही हात जोडणार, तोच हा हुकूम सुटायचा. नवखा माणूस गोंधळून खरोखरच मागे सरायचा आणि अंगणातल्या अळवात जाऊन उभा राहायचा. मग पंत एक डोळा बारीक करून त्याच्याकडे बघायचे आणि समाधानानं म्हणायचे, “हां! आता दिसेल. तिथून बघा चित्र.”

ठाण्यात आमचं आणि त्यांचं घर भिंतीला भिंत लागून होतं. मी शाळामास्तर. माझ्या वडिलांचे ते मित्र, म्हणून आमच्याकडे त्यांना मान होता. पण गल्लीतली पोरं मात्र त्यांना सरळ “मागंसरा” म्हणत आणि पंतही हाकेला ओ देत.

ही सवय त्यांच्या नोकरीतली. मोजणी खात्यात त्यांनी उभा जन्म काढला होता. जमीन मोजायची म्हटलं की सगळा गाव येऊन मोजणीच्या साखळीवर उभा राहतो. त्या गर्दीवर ओरडून ओरडून तो शब्द त्यांच्या जिभेवर कायमचा बसला. एकदा सत्यनारायणाला बसले असताना गुरुजी तीर्थ द्यायला पुढे आले, तर त्यांनाही पंतांनी मागं सरायला सांगितलं.

पेन्शन झाल्यावर माणसं तीर्थयात्रा करतात. पंतांनी रंगाची पेटी आणली. मुंबईला एका पारशी चित्रकाराकडे आठवड्यातून एकदा आगगाडीनं जाऊन ते तैलरंगाचं काम शिकू लागले. मूलबाळ नव्हतं. बायको वारून बरीच वर्षं झाली होती. विचारणारं कोणी नव्हतं. पहिलं चित्र त्यांनी तळ्याचं काढलं आणि मोठ्या हौसेनं मला दाखवायला बोलावलं. तळं अगदी बरोबर होतं, फक्त घारीला दिसावं तसं वरून दिसत होतं. कोपऱ्यात उत्तर दिशेचा बाणही काढला होता.

“पंत, हा नकाशा झाला,” मी म्हटलं.

“जित्याची खोड रे, मास्तर,” ते हसून म्हणाले आणि बाणावर एक बगळा रंगवून टाकला.

पण हात बसत गेला. वर्षा-दीड वर्षात घरातल्या भिंती भरल्या, आणि एके दिवशी पंत दारोदार सांगत सुटले, “उद्या सकाळी आमच्याकडे प्रदर्शन आहे. बघायला या. आवडलं तर विकतही मिळेल.” ‘प्रदर्शन’ हा शब्द तेव्हा आमच्या गल्लीत कोणी ऐकलेला नव्हता. काहीतरी उद्यापन असावं, असं समजून माझ्या आईनं विचारलं, “भावोजी, प्रसादाचं काय करू? शिरा की पंचखाद्य?”

दुसऱ्या दिवशी ओसरीवर ही गर्दी! पुरुष पान-सुपारी खाऊन निघून गेले. बायका मात्र सरस्वतीच्या चित्रापुढे रांग लावून उभ्या राहिल्या. कोणी तांदूळ वाहिले, कोणी फूल ठेवलं. पंत आतून पाणी घेऊन येतात तो काय, माझ्या आईनं करंड्यातलं कुंकू चिमटीत घेऊन देवीच्या कपाळाला लावलेलं!

“वहिनी!” पंत किंचाळले. “मागं सरा! ओला आहे तो रंग!”

“मग बरंच झालं, पडायचं नाही,” आई शांतपणे म्हणाली. “आणि भावोजी, देवीला तुम्ही बिनकुंकवाची काढलीत. हे शोभतं का?”

पंतांनी जवळ जाऊन पाहिलं. खरंच की! वीणेची तार न् तार काढली होती, मोराचा पिसारा काढला होता, आणि कुंकूच विसरलं होतं. त्यांनी हातातला तांब्या खाली ठेवला आणि आईला वाकून नमस्कार केला. कुंकू तसंच राहिलं.

त्या दिवशी विकलं मात्र काहीच गेलं नाही. देवाच्या चित्राला पैसे सांगणं लोकांना पटेना आणि बाकीच्या चित्रांना ते देणं पटेना. सगळ्यात मोठं चित्र होतं कोपरीच्या मिठागरांचं. दुपारचं ऊन, पांढरे ढीग, पाण्यात पडलेलं आभाळ, आणि मधोमध डोक्यावर मिठाची पाटी चढवत असलेली एक बाई, पाठमोरी. मला ते फार आवडलं होतं. पण जो तो म्हणायचा, “हे तर कोपरीला गेलं की फुकट दिसतं!”

“दिसतं,” पंत चिडून म्हणायचे, “पण तुम्ही बघता का?”

पंतांनी हार मानली नाही. दर रविवारी प्रदर्शन मांडायचं त्यांनी ठरवलं. लोक हळूहळू यायचे थांबले. ओसरीवर मी आणि पंत असे दोघेच बसू लागलो. आणि अशाच एका रविवारी नाना वकील आले. नानांनी नवा दिवाणखाना बांधला होता आणि कुठल्याशा गोऱ्या साहेबाचा बंगला ते आतून पाहून आले होते.

“साहेबाच्या बंगल्यात देव टांगलेले नसतात, पंत,” ते म्हणाले. “सीनरी असते. तुमच्याकडे सीनरी आहे?”

पंतांनी त्यांना रीतसर अळवात उभं केलं. मिठागरांचं चित्र नानांनी अर्धं मिनिट पाहिलं, पायाचा चिखल झटकला आणि म्हणाले, “ठरलं. पुढच्या रविवारी गाडी घेऊन येतो.”

तो आठवडा पंत जमिनीवर नव्हते. पहिलं चित्र विकलं जाणार! त्यांनी चौकट पॉलिश केली. आमच्याकडे येऊन आईच्या हातचा शिरा मागून खाल्ला. “मास्तर, आता मला चित्रकार म्हणायला हरकत नाही ना?” असं मला दिवसातून कितीदा तरी विचारलं.

रविवारी नाना आले. दोन गडी चित्र भिंतीवरून उतरवून पायरीशी घेऊन आले, आणि तेवढ्यात फाटकाशी एक माणूस येऊन उभा राहिला. कोपरीचा दामा आगरी. डोक्याला फडकं, पाय गुडघ्यापर्यंत मिठानं पांढरे. “आमचे आगराचं चित्र हाय म्हनं. बघू का?” त्यानं विचारलं.

“बघ की, चांगला मागं सरून बघ,” पंत खुशीत म्हणाले.

दामानं पाहिलं. आधी हसला. मग एकदम म्हणाला, “ही तं आमची चांगुना!”

“कशावरून रे?” नाना म्हणाले. “तोंड कुठं दिसतंय?”

“तोंड कशाला पायजे?” दामा म्हणाला. “पाटी उचलताना ती अशीच डावा पाय पुढं घ्यायाची. मी किती डाव सांगलंय तिला, असं करशील तं पडशील. पन ऐकंल तं ना!” तो पुन्हा हसला, आणि फडक्यानं तोंड पुसत म्हणाला, “पावसात गेली वो. ताप आला नि गेली.”

गड्यांनी चित्र हळूच खाली टेकवलं. पंत उठले, नानांपुढे हात जोडून उभे राहिले आणि म्हणाले, “वकीलसाहेब, हे विकायचं नाही.”

“अहो, पण आपलं ठरलंय!”

“ठरलं होतं. दुसरं कुठलंही न्या. पायजे तर सरस्वती न्या.”

नाना तापले. दिवाणखान्याची भिंत, साहेब, शब्दाची किंमत, सगळं निघालं. पण शेवटी घरी रिकाम्या गाडीनं जायची लाज वाटून ते सरस्वती घेऊन गेले. ती त्यांच्या मंडळींना मात्र फार आवडली. कपाळाचं कुंकू सवाष्णीच्या हातचं आहे, हे त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत.

पंत दामाला चित्र देऊ लागले, तर त्यानं मान हलवली. “माजे खोपटात धूर नि गळती. हितंच ऱ्हाव द्या. येत जाईन मी बघाया.” आणि आला तसा निघून गेला.

संध्याकाळी मी पंतांकडे डोकावलो. आई माझ्या मागोमाग भाकरी घेऊन आली होती. पंत चित्रापुढे जमिनीवर बसले होते.

“मास्तर,” ते म्हणाले, “त्यानं बायकोला पाठमोरी ओळखली. आमच्या घरातली मला समोरून तरी काढता येते का, सांग?” ते उठले आणि त्यांनी कोनाड्यातून कागदांची एक गुंडाळी काढली. सगळ्या कागदांवर नऊवारी नेसलेली एकच बाई होती. पदर होता, हातातल्या बांगड्या होत्या. चेहऱ्याच्या जागी हनुवटीची नुसती एक टोकदार रेघ, बाकी कोरा कागद. “रंगाची पेटी हिच्यासाठीच आणली होती रे. पण वर्षातले आठ महिने मी फिरतीवर असायचो. घरी आलो की पानावर बसायचो, ती वाढायची. मान खाली घालून मी जेवायचो. ताटातला हात आठवतो. चेहरा म्हटला, की काही जमत नाही.”

आई पुढे झाली. भाकरी तिनं फळीवर ठेवली आणि कागद दिव्याजवळ धरून पाहिला.

“हनुवटी अशी टोकदार नव्हती यमुनेची,” ती म्हणाली. “गोल होती. हसली की आणखी गोल व्हायची.”

“हसायची?” पंतांनी विचारलं.

“हसायची म्हणजे! अहो भावोजी, विहिरीवर ती आली की आमची पाणी भरायची पंचाईत. अशी काही नक्कल करायची सगळ्यांची, की हातातला दोर सुटून घागर तळाला जायची. गळ टाकून काढायला लागायच्या. तुमच्यासमोर कधी हसली नाही?”

पंतांनी मान हलवली. खडू हातात घेतला होता, कागद मांडीवर घेतला होता. आई विहिरीवरच्या गोष्टी सांगू लागली. पंतांनी हनुवटीची एक गोल रेघ ओढली. मग थोड्या वेळानं त्यांनी खडू खाली ठेवला.

“चित्र राहू दे, वहिनी,” ते म्हणाले. “तुम्ही सांगा. आणखी कोणाची नक्कल करायची?”