वज्रकाल पाण्यात

या रविवारी आपला देव सगळ्यांना घाबरवणारच, असं स्वानंदनं ठरवलं आणि तिथंच घात झाला.

बेसा वस्तीतल्या त्याच्या फ्लॅटमध्ये दर रविवारी फाशांचा खेळ रंगायचा. त्याची बायको मयुरा आणि मित्रमंडळींपैकी रोशन, दीप्ती हे वीर. स्वानंद गोष्ट सांगणारा. म्हणजे वीरांना वाटेत राक्षस भेटो, वाणी भेटो की देव, बोलायचं त्यानंच. वीर संकटातून वाचणार की नाही, ते फासे ठरवणार. पण मागचे दोन्ही देव साफ पडले होते. वादळाच्या देवाला रोशननं 'काका' म्हटलं, आणि मृत्युदेवतेनं तोंड उघडताच दीप्ती खुदकन हसली. आता हाही देव फसला तर गोष्ट सांगायची खुर्ची रोशनला, असं ठरलं. स्वानंदचा जीव त्या खुर्चीत अडकलेला. ऑफिसात त्याचं कोणी ऐकत नसे, घरी तर प्रश्नच नव्हता.

म्हणून त्यानं मातीचा वीतभर वज्रकाल घडवला, सोनेरी रंगवला आणि आवाज घुमावा म्हणून रिकाम्या हंड्यात तोंड घालून आठवडाभर सराव केला. (शेजाऱ्यांनी प्लंबर बोलावला.)

"मर्त्यांनो!" पडदे ओढून, पंखा बंद करून तो गरजला. "मी वज्रकाल! पूल ओलांडायचा तर तलवारी माझ्या पायाशी ठेवा!"

स्वतःच्याच आवाजानं स्वानंदच्या अंगावर काटा आला.

"देवा, कोंबडा देतो ना," रोशन म्हणाला. "येताना नवस फेडतो. आता जाऊ दे."

"मी कोंबडे खात नाही!"

"मंग नारळ?" दीप्तीनं विचारलं.

"तलवारी!"

स्वानंदच्या आई, सिंधूताई, सोफ्यावर मेथी निवडत होत्या. "काहून वं, ऐकून नाही राहिला का तो?" त्यांनी सुनेला विचारलं.

"नाही ना, आई. लय अडून बसला."

"मंग पाण्यात ठेवा त्याले. आमच्या गावी पाऊस नाही आला का महादेवाले पाण्यात ठेवत. गुमान ऐकते मंग."

मयुरानं मेथी धुवायचं पातेलं ओढलं आणि वज्रकालाला गळ्यापर्यंत बुडवलं. अर्धं पाणी फरशीवर सांडलं.

"अवं, कच्ची माती आहे ते!" स्वानंद किंचाळला. देवाचे खांदे विरघळायला लागले होते.

"पूल?" रोशननं शांतपणे विचारलं.

"घ्या! पूल घ्या, तलवारी ठेवा तुमच्याजवळ, पण काढा गा त्याले बाहेर!"

खुर्ची गेली. पण रोशन दिलदार निघाला. "देवाचं तुमालेच समजते, काकू. पुढची देवी तुमीच व्हा."

सिंधूताई खुर्चीत बसल्या. चष्मा काढून त्यांनी एकेकाकडे नुसतं पाहिलं. रोशन सरळ बसला. दीप्तीनं मोबाईल उलटा ठेवला. मग देवीची नजर स्वानंदवर थांबली.

"पाणी सांडलं थे पूस."

स्वानंद फडकं घेऊन गुडघ्यांवर बसला.

"फासे तं टाक गा," रोशन हळूच म्हणाला. "वाचशीन कदाचित."

"मागं एकदा टाकले होते," स्वानंद पुसता पुसता कुजबुजला, "तं भांडेही घासा लागले."